वाचकांनी घडविलेले वाङ्मय

वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे बहुधा लेखकापासून आरंभ करतात. आधी कवी, कादंबरीकार आणि नाटककार येतात; त्यांच्यामागून टीकाकार येतो; आणि वाचकाची आठवण झालीच, तर ती प्रकरणाच्या अखेरीस, आवृत्त्यांचे आकडे देताना होते. वाङ्मयाच्या घरात वाचकाची जागा ओसरीवरची. परंतु विसाव्या शतकात वाङ्मयाची एक शाखा अशी वाढली की, तिच्यात हा क्रम उलटा झाला. तेथे आधी वाचक एकत्र आले. त्या वाचकांतूनच पुढे लेखक निघाले, संपादक निघाले आणि टीकाकारही निघाले. ही शाखा म्हणजे विज्ञानकथा, आणि हा प्रकार प्रथम घडला तो अमेरिकेत. ओसरीवरचा वाचक माजघरात शिरला, तेव्हा घराला मोठी बरकत आली हे खरे. पण त्याचबरोबर घराचा दरवाजा कोणासाठी उघडायचा आणि कोणासाठी लावायचा, हे भांडणही त्याच्याच वाट्याला आले. ते भांडण शंभर वर्षे होत आली तरी मिटलेले नाही.

विज्ञानाच्या आधाराने कथा रचणारे लेखक त्यापूर्वी नव्हते असे नाही. मेरी शेली हिची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी १८१८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळी लेखिकेचे वय अवघे वीस वर्षांचे होते. पुढे फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्न आणि इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्स यांनी चंद्रापासून सागरतळापर्यंतचा प्रदेश आपल्या कल्पनेने पालथा घातला. भा. रा. भागवतांच्या लेखणीमुळे व्हर्नची ओळख मराठी मुलांनाही झाली. परंतु हे लेखक एकेकटे होते आणि त्यांचे वाचकही एकेकटेच होते. व्हर्न वाचणारा मनुष्य आपण कादंबरी वाचत आहोत असे म्हणे. विज्ञानकथा नावाचे काही वेगळे प्रकरण आहे आणि आपल्यासारखे तिचे वेडे आणखीही कोठे आहेत, ही जाणीव त्याला नव्हती. या विखुरलेल्या वेड्यांना एकमेकांचा पत्ता मिळवून दिला तो नभोवाणीच्या नादी लागलेल्या एका व्यापाऱ्याने.

ह्यूगो गर्न्सबॅक हा मूळचा लक्झेंबर्गचा. त्याचा जन्म १८८४ सालचा. १९०४ साली तो अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्क शहरात विजेच्या सामानाचा व्यापार करू लागला. हौशी मंडळींना घरी बसून वापरता येतील असे बिनतारी संच तो टपालाने विकत असे. गिऱ्हाइकाला यंत्र समजावे म्हणून त्याने १९०८ साली विद्युत्शास्त्रावर एक मासिक काढले, आणि त्या मासिकात १९११ साली स्वतःच एक भविष्यकाळाची कादंबरी क्रमशः छापण्यास सुरुवात केली. १९२५ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे नभोवाणी केंद्रही उघडले. अशा या खटपट्या माणसाने एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केले. केवळ विज्ञानकथांना वाहिलेले इंग्रजी भाषेतील हे पहिले मासिक होय. त्याची किंमत पंचवीस सेंट होती. पहिल्या अंकातील कथा व्हर्न, वेल्स, एडगर ॲलन पो इत्यादींच्या, म्हणजे पूर्वी प्रसिद्ध झालेल्याच होत्या. लेखनाच्या दृष्टीने त्या अंकात नवे असे फारसे काही नव्हते.

नवे घडले ते पुढल्या वर्षी, मासिकाच्या शेवटच्या पानांवर. १९२७ च्या आरंभापासून गर्न्सबॅकने वाचकांच्या पत्रांसाठी स्वतंत्र सदर उघडले आणि प्रत्येक पत्राखाली पत्र लिहिणाराचे नाव व पूर्ण पत्ता छापण्याची पद्धत ठेवली. त्या पत्त्याने मोठे काम केले. एखाद्या आडगावच्या मुलाला वाटे, मंगळावरच्या प्रवासाची स्वप्ने पाहणारे जगात आपण एकटेच. तो अंकाचे शेवटचे पान उघडी, तो दुसऱ्या गावच्या मुलाने अमुक कथेतील रॉकेटचे गणित चुकले आहे म्हणून संपादकाशी भांडण मांडलेले असे. मग हा मुलगा त्या मुलाला थेट पत्र लिही. संपादक बाजूला राही आणि वाचकांचा आपापसांत पत्रव्यवहार सुरू होई. पत्रव्यवहारातून ओळखी झाल्या, ओळखींतून मंडळे निघाली, आणि मंडळ निघाले म्हणजे मुखपत्र हवेच. आपल्याकडे शाळाकॉलेजांतून हस्तलिखित अंक निघतात, त्याच जातीचे हे अंक होते. घरी टंकलेखन करावे, नकलायंत्रावर प्रती काढाव्यात आणि टपालाने पाठवाव्यात. मे १९३० मध्ये निघालेला 'द कॉमेट' हा यांपैकी पहिला समजला जातो. अशा अंकांना 'फॅनझीन' हे नाव मात्र १९४० साली मिळाले.

या हौशी अंकांची योग्यता त्यांच्या कागदावरून ठरवणे बरोबर होणार नाही. क्लीव्हलँड शहरातील जेरी सीगल व जो शूस्टर या दोन शाळकरी मित्रांनी असाच एक अंक चालवला होता. १९३३ च्या आरंभी त्यात त्यांनी 'सुपरमॅन' हे नाव असलेली एक कथा छापली. त्या कथेतला सुपरमॅन दुष्ट होता. पुढे याच दोघांनी त्याला सज्जन केले, आणि १९३८ साली तो चित्रकथेतून साऱ्या जगापुढे आला. तो काळ अमेरिकेतील महामंदीचा होता. खिशात पैसा नाही, शिक्षण संपल्यावर नोकरीची शाश्वती नाही, अशा तरुणांना उद्याच्या जगाविषयी बोलण्यासाठी ही पाने मिळाली, आणि त्यांनी ती मनापासून वापरली.

या उत्साहाचा व्यापारी उपयोग गर्न्सबॅकने ओळखला. १९२९ साली त्याचे दिवाळे निघाले व पहिले मासिक त्याच्या हातून गेले. तेव्हा त्याने लगोलग दुसरी मासिके काढली. त्यांपैकी 'वंडर स्टोरीज'च्या द्वारे त्याने १९३४ साली 'सायन्स फिक्शन लीग' या नावाचा एक संघ स्थापन केला. सभासदांना प्रमाणपत्र आणि कोटाला लावायचे चिन्ह मिळे. गावोगावी शाखा निघाल्या. वाचकांना वाटले, आता आपले घर झाले. परंतु घराचा मालक कोण, हा प्रश्न वर्षभरातच उभा राहिला. डोनाल्ड वॉल्हाइम या न्यूयॉर्कच्या तरुणाची पहिली कथा जानेवारी १९३४ च्या अंकात प्रसिद्ध झाली. पण तिचे पैसे काही त्याला मिळेनात. त्याने चौकशी केली, तेव्हा पैसे न मिळालेले आणखी लेखक निघाले. त्या सर्वांना जमवून त्याने वकील गाठला, आणि गर्न्सबॅकला न्यायालयाबाहेर ७५ डॉलरांवर तडजोड करणे भाग पडले. १९३५ साली वॉल्हाइम, जॉन मिशेल व विल्यम सिकोरा या तिघांना संघातून काढून टाकण्यात आले. वाचकाने आपला हक्क सांगितल्याचा आणि त्यापायी त्याला बाहेर काढल्याचा हा पहिला ठळक प्रसंग. यांतले सिकोरा हे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ते पुढे एका निराळ्याच भूमिकेत भेटते.

इकडे इंग्लंडमध्येही असेच वारे वाहत होते. ३ जानेवारी १९३७ रोजी लीड्स शहरातील थिऑसॉफिकल हॉलमध्ये इंग्रज चाहत्यांची परिषद भरली. आधी जाहीर करून भरवलेले विज्ञानकथेचे पहिले संमेलन म्हणून अनेक इतिहासकार तिचा निर्देश करतात. जमलेली मंडळी सुमारे वीस होती. त्या वीसांत आर्थर क्लार्क हा एकोणीस वर्षांचा तरुण होता. आंतरग्रहीय प्रवासाचा विचार करणाऱ्या ब्रिटिश संस्थेचाही तो सभासद होता, आणि या दोन मंडळांतील माणसे पुष्कळदा तीच असत. याच क्लार्कने ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या नियतकालिकात लेख लिहून, पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या तीन स्थिर उपग्रहांच्या साहाय्याने साऱ्या जगावर प्रक्षेपण करता येईल, अशी योजना मांडली. पुढे तीस वर्षांनी, १९७५-७६ साली, अशाच एका स्थिर उपग्रहाच्या मदतीने भारतातील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरदर्शनचा 'साइट' हा प्रयोग झाला, आणि त्याचे कार्यक्रम पाहता यावेत म्हणून श्रीलंकेत स्थायिक झालेल्या क्लार्कच्या घरीही भारतीय शास्त्रज्ञांनी एक संच बसवून दिला. लीड्सच्या त्या लहानशा खोलीतल्या गप्पा किती दूर पोहोचल्या, हे यावरून कळते.

न्यूयॉर्कच्या मंडळींचे मात्र गप्पांवर भागत नव्हते. युरोपात हुकूमशहांचे राज्य पसरत होते, स्पेनमध्ये यादवी पेटली होती, आणि वॉल्हाइम, मिशेल यांच्यासारख्या तरुणांवर डाव्या विचारांचा पगडा बसला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बैठकीत मिशेलने लिहिलेले भाषण वॉल्हाइमने वाचून दाखवले. भविष्याची नुसती स्वप्ने पाहून चालणार नाही, ते भविष्य घडविण्यासाठी राजकीय भूमिका घ्यावी लागेल, हा त्या भाषणाचा आशय होता. सभेने तो ठराव फेटाळला. पुढल्या वर्षी या गटाने 'फ्युचरियन सोसायटी' नावाचे आपले मंडळ काढले. त्यांच्या विरुद्ध पक्षात सॅम मॉस्कोविट्झ, जेम्स टॉरासी आणि तो सिकोरा हे तिघे होते. कथेने कथाच राहावे, चाहत्यांनी राजकारणात पडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही पक्षांतील बहुतेकांचे वय पंचविशीच्या आत होते, हे या वादाविषयी मत बनवताना विसरता कामा नये.

१९३९ साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरले. 'उद्याचे जग' हा त्या प्रदर्शनाचा विषय असल्यामुळे त्याच सुमारास विज्ञानकथेचे पहिले जागतिक संमेलन भरवावे असे ठरले. संमेलन म्हटले की वाद आलाच, हे मराठी माणसाला निराळे सांगायला नको. संमेलनाची सूत्रे मॉस्कोविट्झच्या पक्षाकडे आली. रविवार, २ जुलै १९३९ रोजी कॅरव्हॅन हॉल या सभागृहात सुमारे दोनशे माणसे जमली. चित्रकार फ्रँक पॉल हा सन्माननीय पाहुणा होता. लॉस एंजेलिसहून रे ब्रॅडबरी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मित्राकडून पैसे उसने घेऊन मोटारबसने आला होता. त्याची लेखक म्हणून अजून ओळख व्हायची होती.

फ्युचरियन मंडळीही आली, आणि दारातच अडली. संमेलन मूठभरांच्या ताब्यात गेले आहे, सावध राहा, असे बजावणारे एक पत्रक पिवळ्या कागदावर छापून आणलेले होते, आणि त्याच्या गठ्ठ्यांचा सुगावा संयोजकांना लागला होता. गोंधळ करणार नाही असे वचन द्या, मग आत या, असे मॉस्कोविट्झने सांगितले. वचन मिळाले नाही, आणि सहा जणांना बाहेर ठेवण्यात आले: वॉल्हाइम, मिशेल, फ्रेडरिक पोल, रॉबर्ट लाउंड्स, जॅक गिलेस्पी आणि सिरिल कॉर्नब्लुथ. दार लावणारा मॉस्कोविट्झ दोनच दिवसांपूर्वी एकोणीस वर्षांचा झाला होता. बाहेर राहिलेल्या कॉर्नब्लुथचा त्या दिवशी सोळावा वाढदिवस होता. चार वर्षांपूर्वी वॉल्हाइमबरोबर संघाबाहेर काढला गेलेला सिकोरा आता दाराच्या आतल्या बाजूला होता. गंमत अशी की, ते पत्रक ज्याने छापले तो डेव्हिड काइल आत बसला होता. त्याने या सहा जणांना आत घ्यावे अशी मागणीही केली. पण ती मान्य झाली नाही. फ्युचरियनांचा आणखी एक मित्र कोणाच्या फारसा लक्षात न येता आत शिरला होता. एकोणीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याचे नाव आयझॅक असिमॉव्ह.

या सहा मुलांचे पुढे काय झाले? विज्ञानकथेच्या इतिहासाचे एक मोठे प्रकरण या प्रश्नाच्या उत्तरात सामावलेले आहे. त्यांच्यापैकी बरेच जण ब्रुकलिनमध्ये भाड्याच्या जागेत एकत्र राहिले. एकाच्या कथेत दुसऱ्याने भर घालावी, तिसऱ्याने शेवट लिहावा आणि टोपणनावाने ती छापावी, असा त्यांचा संसार होता. वर्ष पुरे होण्याच्या आत पोल दोन विज्ञानकथा मासिकांचा संपादक झाला. लाउंड्सकडेही संपादकपद आले. वॉल्हाइमने १९४१ साली दोन मासिके काढली. पण कथांसाठी द्यायला मालकाने त्याला पैसाच दिला नाही, आणि ज्याने पैशासाठी गर्न्सबॅकशी भांडण मांडले होते, त्यालाच मित्रांकडून फुकट कथा मागाव्या लागल्या. १९४३ साली त्याने संपादित केलेला खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकाच्या आकाराचा कथासंग्रह विज्ञानकथेला मासिकांच्या बाहेरच्या बाजारात घेऊन गेला, आणि १९७१ साली त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था स्थापन केली. पोल व कॉर्नब्लुथ यांनी मिळून लिहिलेली 'द स्पेस मर्चंट्स' ही १९५३ सालची कादंबरी, जाहिरातदारांच्या हाती गेलेल्या जगाचे चित्र म्हणून आजही वाचली जाते. कॉर्नब्लुथ १९५८ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारला.

आत बसलेल्यांनीही काही कमी केले नाही. मॉस्कोविट्झ हा या वाङ्मयाचा अथक इतिहाससंशोधक झाला. तिसाव्या दशकातील चाहत्यांच्या चळवळीचा त्याने लिहिलेला इतिहास १९५४ साली पुस्तकरूपाने निघाला. त्यात त्याने आपली बाजू मांडली. पुढे १९७८ साली पोलने आत्मचरित्रात आपली मांडली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे कळते की, या वाङ्मयाचे इतिहासकारदेखील त्याच भांडणातून निघाले.

टीकेचेही तसेच झाले. विद्यापीठांतील विद्वानांनी विज्ञानकथेकडे पुष्कळ वर्षे ढुंकूनही पाहिले नाही. जे. ओ. बेली याचा या विषयावरचा प्रबंध १९४७ साली ग्रंथरूपाने निघाला. पण तो अपवाद. टीकेची जबाबदारी चाहत्यांनीच उचलली. फ्युचरियनांत मागाहून आलेल्या डेमन नाइट या तेवीस वर्षांच्या तरुणाने १९४५ साली एका हौशी अंकात ए. ई. व्हॅन व्होग्ट या त्या काळच्या अत्यंत लोकप्रिय लेखकाच्या कादंबरीची चिरफाड केली. कथानकाचे सांधे जुळत नाहीत, पात्रांना मन नाही, शब्द ढिसाळ आहेत, असे एकेक उदाहरण घेऊन त्याने दाखवले. नकलायंत्रावर निघणाऱ्या अंकातील ही टीका विरून गेली नाही. १९७० साली कादंबरीची सुधारलेली आवृत्ती काढताना व्हॅन व्होग्टला तिची दखल घ्यावी लागली. विज्ञानकथा हे वाङ्मय आहे, म्हणून तिला वाङ्मयाचेच निकष लावले पाहिजेत, तिला वेगळी सवलत नको, ही नाइटची भूमिका. त्याची परीक्षणे १९५६ साली संग्रहरूपाने निघाली. जेम्स ब्लिश हा दुसरा फ्युचरियन स्वतः लेखक असूनही 'विल्यम ॲथेलिंग' या टोपणनावाने समव्यवसायी मित्रांच्या कथांवर कडक टीका करी, आणि त्या नावाआडून स्वतःच्याही कथेला सोडत नसे. ज्युडिथ मेरिल हिने १९५६ पासून वर्षातील उत्तम कथांचे संग्रह संपादित केले आणि विज्ञानकथेची सीमा मासिकांच्या बाहेरही आहे हे दाखवले. पुढे टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला तिने आपला ग्रंथसंग्रह दिला, त्यातून तेथे या वाङ्मयाचे स्वतंत्र दालन उभे राहिले. नाइट, ब्लिश व मेरिल यांनी १९५६ साली मिलफर्ड या गावी लेखकांचे शिबिर सुरू केले. तेथे वर्तुळाकार बसून एकमेकांच्या हस्तलिखितांवर तोंडावर टीका करायची, असा रिवाज होता. १९६५ साली नाइटच्याच पुढाकाराने विज्ञानकथा लेखकांची व्यावसायिक संघटना स्थापन झाली. विद्यापीठांचे दार त्यानंतर उघडले. संशोधकांची संस्था निघाली ती १९७० साली.

वाचकाची सत्ता या वाङ्मयात किती होती, याची एक मौजेची हकीकत सांगण्यासारखी आहे. जॉन कॅम्पबेल हा १९३७ ते १९७१ पर्यंत 'अस्टाउंडिंग' या प्रमुख मासिकाचा संपादक होता. वाचकांनी कथांचा क्रम लावून पाठवावा आणि तो मासिकात छापावा, अशी प्रथा त्याने पाडली. नोव्हेंबर १९४८ च्या अंकात एका वाचकाचे पत्र आले. त्याने अजून न निघालेल्या, नोव्हेंबर १९४९ च्या अंकाचे परीक्षण लिहून अमुक लेखकाची अमुक कथा कशी वाटली हे कळवले होते. कॅम्पबेलने ती थट्टा उचलून धरली. त्याने हाइनलाइन, स्टर्जन, डेल रे, व्हॅन व्होग्ट अशा लेखकांना गाठून त्या त्या नावांच्या कथा लिहवून घेतल्या, आणि वर्षाने वाचकाने कल्पिलेला अंक बऱ्याच अंशी खराच काढून दाखवला. कोणत्या वाङ्मयात वाचकाला असा मान मिळाला असेल?

परंतु वाचकाचे नाव पुढे करून दार लावताही येते, हेही याच संपादकाने दाखवले. सॅम्युअल डिलेनी हा कृष्णवर्णीय तरुण लेखक तोपर्यंत नावारूपाला आला होता. 'नोव्हा' ही त्याची कादंबरी, जिचा नायक मिश्रवर्णीय आहे, कॅम्पबेलकडे क्रमशः प्रसिद्धीसाठी गेली. कादंबरी चांगली आहे, पण कृष्णवर्णीय नायक आमच्या वाचकांना पटणार नाही, अशा अर्थाचे उत्तर आले, असे डिलेनीने पुढे लिहून ठेवले आहे. कादंबरी १९६८ साली स्वतंत्रपणे निघाली. त्या वाचकांना कोणी विचारले होते? पत्रांच्या सदरातून बोलणारा वाचक एक, आणि संपादकाच्या मनात बसलेला वाचक दुसरा. दुसऱ्याच्या नावाने पहिल्यावर अन्याय होतो. स्त्रियांचीही स्थिती फारशी निराळी नव्हती. ॲलिस शेल्डन ही लेखिका 'जेम्स टिपट्री' या पुरुषी नावाने कित्येक वर्षे लिहीत होती. तिचे खरे नाव बाहेर आले, तेव्हा १९७० चे दशक सरत आले होते.

कॅम्पबेलच्या मृत्यूनंतर १९७३ पासून नव्या लेखकांसाठी त्याच्या नावाचे एक पारितोषिक देण्यात येऊ लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये डब्लिनच्या संमेलनात ते पारितोषिक स्वीकारताना जनेट इंग या लेखिकेने व्यासपीठावरूनच कॅम्पबेलच्या विचारांवर सडकून टीका केली, आणि त्याच महिन्यात पारितोषिकाचे नाव बदलण्यात आले. तत्पूर्वी २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे कादंबरीचे ह्यूगो पारितोषिक एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेला मिळाले होते. १९५३ पासून दिले जाणारे हे पारितोषिक गर्न्सबॅकच्या नावाने ओळखले जाते आणि त्याचा निर्णय संमेलनाचे सभासद, म्हणजे वाचकच, मताने करतात.

दरवाजा कायमचा उघडला असे यावरून समजण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक संमेलन चीनमधील चेंगदू येथे भरले. चिनी वाचकांचा उत्साह मोठा होता, आणि त्या वाङ्मयाची थोरवी 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या लिऊ त्सिशिन यांच्या कादंबरीने २०१५ सालीच जगाला पटवली होती. पण जानेवारी २०२४ मध्ये मतांचे आकडे जाहीर झाले, तेव्हा असे दिसले की, पुरेशी नामांकने मिळालेल्या काही लेखकांच्या नावांपुढे 'अपात्र' एवढाच शेरा मारलेला आहे आणि कारण दिलेले नाही. पुढील महिन्यात उघड झालेल्या पत्रव्यवहारावरून असे आढळले की, पाश्चात्त्य व्यवस्थापकांनीच लेखकांच्या राजकीय मतांविषयी टिपणे गोळा केली होती. संबंधितांना पदे सोडावी लागली. कॅरव्हॅन हॉलला दारात उभे राहून तोंडावर नकार देण्याचा सरळपणा तरी होता.

याच्याशी ताडून पाहावा असा एक मराठी प्रसंग आहे. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव टोपण होते. जयंत विष्णू नारळीकर यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ते तयार केले होते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर केलेल्या संशोधनामुळे त्यांचे नाव देशभर गाजलेले होते. 'द ब्लॅक क्लाउड' या १९५७ सालच्या विज्ञान कादंबरीचे लेखक ते हेच हॉइल. नारळीकरांसाठी कोणतेही दार आपोआप उघडले असते. म्हणूनच त्यांनी नाव बाजूला ठेवून कथा पाठवली. पुढे २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि विज्ञानकथेला मराठी वाङ्मयाच्या मुख्य दालनात मान मिळाला. २० मे २०२५ रोजी ते कालवश झाले. लेखन पाहून दार उघडावे, माणूस पाहून नव्हे, ही जी गोष्ट न्यूयॉर्कच्या तरुणांना साधली नाही, ती या लहानशा स्पर्धेत साधली.

तथापि न्यूयॉर्कच्या त्या तरुणांविषयी अखेरचा शब्द कडू असू नये. ज्यांना दार बंद झाले, त्यांनी ते वाङ्मय सोडले नाही. ज्यांनी बंद केले, त्यांनीही जन्मभर त्याचीच सेवा केली. आपल्या वाङ्मयावर इतका जीव असल्यावाचून इतके भांडण होत नाही. फ्रेडरिक पोल याला संपादक आणि कादंबरीकार म्हणून अनेक सन्मान मिळाले. परंतु २०१० साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्याला आणखी एक ह्यूगो पारितोषिक मिळाले. ते कादंबरीबद्दल नव्हते, संपादनाबद्दलही नव्हते. उतारवयात तो जुन्या सोबत्यांच्या आणि जुन्या दिवसांच्या आठवणी लिहीत होता, त्यांच्यासाठी ते होते, आणि ते देण्यात आले ते उत्कृष्ट हौशी लेखक म्हणून, म्हणजे चाहता म्हणून. एकोणिसाव्या वर्षी ज्या संमेलनाने त्याला दाराबाहेर उभे केले होते, त्याच संमेलनाच्या सभासदांनी एकाहत्तर वर्षांनी मते देऊन, हा आमच्यातलाच एक वाचक आहे, अशी ग्वाही दिली.